वाकळीचे खर्चपत्रक

बी. कॉम., तृतीय वर्ष

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या आनंदबाजारात आम्हा दोघी मैत्रिणींच्या टेबलावरची एक वाकळ १,४०० रुपयांना खपली. पाच फूट बाय सात फूट, चार जुन्या लुगड्यांच्या थरांची, पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालून माझ्या आजीने शिवलेली. घेणाऱ्या बाई पुण्याहून बेळगावला माहेरपणाला आल्या होत्या. त्यांनी किंमत विचारली, आम्ही घाबरत घाबरत सांगितली, आणि त्यांनी घासाघीस न करता पैसे काढून दिले. भोवती गर्दी जमली. एका सरांनी "आता तुम्ही उद्योजक झालात" असे म्हणून शाबासकी दिली. त्या संध्याकाळी आम्ही उसाचा रस प्यालो आणि बसऐवजी रिक्षाने घरी गेलो, एवढी श्रीमंती अंगात आली होती.

रात्री मला अवदसा आठवली आणि वर्गात नुकतेच शिकवलेले खर्चपत्रक मी या वाकळीचे मांडून पाहिले. लुगडी घरचीच, म्हणून कच्च्या मालापुढे शून्य. दोरा, सुया आणि बांधणीचा कागद १८० रुपये. टेबलाच्या भाड्यातला वाकळीच्या वाट्याचा हिस्सा १२० रुपये. रिक्षा १०० रुपये. एकूण खर्च ४००, नफा १,०००. विक्रीच्या सत्तर टक्क्यांहून अधिक नफा! असा धंदा टाटा-बिर्लांनाही साधला नसेल. मग माझ्या लक्षात आले की पत्रकात मजुरीची ओळच नाही. मी ती लिहायलाच विसरले होते. ज्या वस्तूत मजुरीवाचून दुसरे काहीच नाही, तिच्या हिशेबात मजुरी विसरणारी मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी.

आजीला विचारले, किती दिवस लागले? ती म्हणाली, "दुपारचं काय मोजायलीस गं? जेवून हात रिकामा, तवा शिवायचं." पण मी चिकाटी सोडली नाही. वाकळ कोणत्या सणानंतर घेतली, कधी संपली, मधे कोणत्या दिवशी शेजारच्या बारशाला गेली, असे करत करत हिशेब लागला. २३ दुपारी, रोज सुमारे साडेतीन तास. म्हणजे ८० तास. आठ तासांचा दिवस धरला तर दहा दिवसांचे काम. हजार रुपयांना ऐंशी तासांनी भागले तर तासाला साडेबारा रुपये पडतात, आणि तेही आम्ही दोघींनी एक पैसा घेतला नाही असे धरून. २०२४-२५ साली कर्नाटकात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी ३४९ रुपये होती. त्या दराने आजीचे ३,४९० रुपये झाले. वाकळ ३,८९० रुपयांना पडली आणि आम्ही ती १,४०० रुपयांना विकून शाबासकी घेतली.

या लेखात मला म्हणायचे आहे ते याच ओळीविषयी. हाताने केलेल्या आणि जुन्या वस्तूंनी घर सजवण्याची आवड सध्या वाढली आहे. वाकळ पलंगावरून भिंतीवर गेली, पितळी घंगाळ न्हाणीघरातून दिवाणखान्यात आले. आमच्या वर्गातच तिघी-चौघींनी असा छोटा धंदा काढायचे मनात घेतले आहे. भांडवल थोडे लागते, दुकान लागत नाही, फोटो काढून मोबाइलवर पाठवले की गिऱ्हाईक मिळते. हे सगळे खरे आहे. पण भांडवल थोडे लागते याचे कारण आपण नीट पाहत नाही. कुणाची तरी दुपार आपण फुकट धरलेली असते, किंवा कुणाच्या तरी माळ्यावरची वस्तू मोडीच्या भावात आणलेली असते. या दोन फुकट गोष्टी काढून घेतल्या तर धंद्यात काय उरते, हे आधी पाहावे आणि मग पाटी लावावी, असे माझे मत झाले आहे.

यावर माझ्या काकांचा आक्षेप आहे, आणि तो सांगणे न्यायाचे होईल. काकांचे किराणा दुकान आहे. ते म्हणतात, "घरच्या माणसाचा पगार धरायला लागलीस तर बेळगावातली निम्मी दुकानं उद्या बंद पडतील." यात तथ्य आहे. काकू दुकानात बसतात, त्यांना पगार नाही. पण दुकानाचा नफा काकूंच्याच घरात येतो आणि गल्ल्याची किल्ली त्यांच्याच कमरेला असते. आजीला मजुरीही मिळाली नाही आणि नफ्यातही वाटा नव्हता. तिला मिळाले काय, तर नातीच्या टेबलाचा फोटो. काकांनी पुढे आणखी एक मुद्दा काढला: आजीला शिवायला आवडते. आवडते हे खरे. पण आमच्या सरांनाही शिकवायला आवडते, म्हणून कुणी त्यांचा पगार कापल्याचे ऐकिवात नाही. (सरांनी क्षमा करावी.)

माझी भागीदार कन्नड माध्यमातून शिकलेली, बैलहोंगलकडची. या अंकाच्या कन्नड विभागात तिचेही लिखाण तुम्हाला दिसेल. आम्ही ज्याला वाकळ म्हणतो त्याला ती कौदी म्हणते. तिची अव्वा शिवते, तशी माझी आजी शिवते. एकदा दोघींची गाठ घालून दिली. आजीला कन्नड बाजारापुरते येते, अव्वाला मराठी तेवढेही नाही. दोघी अर्धा तास एकमेकींच्या कडा उलटून पाहत बसल्या. अव्वा कडेने सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत मध्याला येते. आजी आडव्या रांगा घालते. दोघींनीही आपापल्या मुलीला-नातीला घरी गेल्यावर सांगितले की दुसरीची पद्धत चुकीची आहे. पुढे हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी स्त्रियांच्या कवंदी मी पाहिल्या. त्याही कडेपासून आत येतात आणि कोपऱ्यांना घडीच्या चिंध्यांची फुले लावतात. त्या कवंदींचे २०११ साली न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात प्रदर्शन झाले होते. आजीला हे सांगितले तेव्हा तिने फक्त विचारले, "कितीला गेल्या?" तासाचा हिशेब विचारला की तिला राग येतो, पण भाव तिला कळतो.

आता जुन्या वस्तूंकडे वळते. इथला प्रकार मला जास्त अवघड वाटतो.

आमच्या गल्लीत एका वृद्ध बाईंच्या माळ्यावर पितळी घंगाळ होते. दोन्ही बाजूंना कड्या, काठाला वेलबुट्टी, वजन साडेचार किलो. मोडवाला किलोला ४०० रुपये देतो म्हणाला होता, म्हणजे १,८००. आम्ही २,००० दिले. त्यांना वाटले, पोरींनी दोनशे रुपये जास्त दिले, आणि आम्हालाही तसेच वाटून घ्यायला बरे वाटले. चिंच लावून घासले, एका कारागिराकडून चेपलेला काठ सरळ करून घेतला, खर्च ३०० रुपये. चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या एका कुटुंबाला ते ६,५०० रुपयांना विकले. त्यांचे तिकडे पाहुण्यांसाठी भाड्याने देण्याचे घर आहे, व्हरांड्यात घंगाळात कमळे लावायची होती. गाडीपर्यंत नेण्याचा आणि बांधणीचा खर्च २०० धरला तरी आम्हाला ४,००० रुपये उरले.

यात कायद्याने काही चूक नाही. मालविक्रीचा १९३० सालचा कायदा आम्ही शिकलो. त्यात, काही अपवाद सोडले तर, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे असे तत्त्व आहे. पण जुन्या वस्तूंच्या धंद्यात घेणारा डोळसच असतो, नेमका विकणाराच अंधारात असतो, आणि त्याला सावध करणारे कलम कुठे आढळत नाही. वस्तूला बाहेर किती येतात हे आम्हाला माहीत होते, त्यांना माहीत नव्हते. आमचा नफा घासण्यापुसण्याचा नव्हता, या माहितीचा होता. आमच्या एका प्राध्यापकांनी मला समजावले की सगळा व्यापार माहितीवरच चालतो; गव्हाचा व्यापारीही शेतकऱ्यापेक्षा जास्त जाणतो. मला उत्तर सुचले नाही तेव्हा. आता सुचते. गव्हाचे पीक पुढच्या वर्षी पुन्हा येते आणि शेतकरी एकदा फसला तर भाव विचारायला शिकतो. घंगाळ एकच असते. ते गेले की त्या घरात शिकायला काही उरत नाही.

म्हणून आम्ही एक नियम केला आहे. जुनी वस्तू घेताना विकणाऱ्याला सांगायचे की आम्ही ही साधारण अमुक किमतीला विकू, आमचा खर्च अमुक होईल, तुम्हाला आता इतके देतो आणि विकली गेली की उरलेल्यातला निम्मा वाटा. याने धंदा मंदावतो. निम्मे लोक "मग आम्हीच विकतो" म्हणतात आणि वस्तू पुन्हा माळ्यावर चढवतात. एका गृहस्थांनी तर आमच्याकडून किंमत काढून घेतली आणि दुसऱ्याला तेवढ्याला विकली. आम्ही हात चोळत बसलो. तरी नियम बदललेला नाही.

जुन्या वस्तूंविषयी कायद्याची एक गोष्ट मात्र या धंद्यात पडू पाहणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी. प्राचीन वस्तू आणि कलाकृती यांच्याबाबतचा कायदा १९७२ साली झाला. शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू त्याच्या व्याख्येत येते. हस्तलिखितांच्या बाबतीत ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो, आणि त्या परदेशी पाठवणे खासगी माणसाला मुळीच मोकळे नाही. प्रदर्शनातून फिरताना समईवर, अडकित्त्यावर, पानाच्या डब्यावर "शंभर वर्षांपूर्वीचे" अशा चिठ्ठ्या तुम्ही पाहिल्या असतील. ती चिठ्ठी खरी असेल तर विक्रेत्याकडे परवाना हवा, आणि खोटी असेल तर ती फसवणूक आहे. बहुतेक वेळा ती खोटीच असते, कारण नव्या पितळेला आम्ल लावून काळपट करणे काही कठीण नाही. आम्ही चिठ्ठीवर एवढेच लिहितो: कोणत्या गावच्या घरातून आली, घरच्यांच्या आठवणीप्रमाणे कधीची, कुठे डाग लावला आहे. एवढ्या सरळ चिठ्ठीने गिऱ्हाईक जरा हिरमुसते, हेही नमूद करते.

बाकी कागदपत्रांचा बाऊ करण्याचे कारण नाही. भागीदारीचा करार लेखीच हवा असे १९३२ चा कायदा म्हणत नाही, पण आम्ही तो वहीच्या दोन पानांवर लिहिला, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये, आणि दोन्हींत तफावत आढळल्यास काय करायचे यावर आमचे पहिले भांडण झाले. वस्तू व सेवा कराची नोंदणी आमच्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. आमची उलाढाल लाखातही जात नाही. मात्र आपण सीमेवरचे. कोल्हापूर आम्हाला धारवाडइतकेच घरचे वाटते, पण तिकडे विकलेला माल परराज्यातला ठरतो, आणि परराज्यातल्या विक्रीला मुळात उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना त्यातून सूट आहे, आपली वस्तू त्या यादीत बसते का ते आधी पाहावे. राहिली पाटी. पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला असावी असा दुरुस्त कायदा २०२४ साली आला. आमच्या कापडी पाटीवर मैत्रिणीने फूटपट्टीने मोजून अक्षरे काढली आहेत. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी नाव छान बसले.

सरकार मदत करत नाही का, असे विचारले जाते. करते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू झाली. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात तारणावाचून एक लाखाचे कर्ज पाच टक्के व्याजाने आहे. योजना चांगली आहे. खानापूरच्या कुंभारांना ती लागू पडते, गोकाकच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांनाही. पण यादीत धंदे अठरा, आणि त्यांत कासार-तांबट नाही, कशिदा काढणारी नाही, वाकळ शिवणारी नाही. शिंपी आहे. आजी शिंपी ठरेल का? तिच्याकडे मशीन नाही, दुकान नाही, सुई आहे आणि दुपार आहे. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ निघाले होते. ते २०२० साली बरखास्त झाले. त्या मंडळाने वाकळीचे भले केले असते असा माझा दावा नाही. पण यादी कोणी करायची, हे विचारायला एक जागा तरी होती.

आता प्रश्न येतो की मजुरी धरली तर वाकळ ४,२०० रुपयांना जाते, ती घेणार कोण? उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही. त्या किमतीला आम्ही सात वाकळी ठेवल्या. दोन गेल्या. पाच भागीदाराच्या घरी नॅप्थालीनच्या गोळ्या घालून ट्रंकेत आहेत. त्यांची मजुरी आम्ही आजीला आणि अव्वाला आधीच दिली असल्यामुळे आमची शिष्यवृत्तीची आणि दिवाळीच्या ओवाळणीची रक्कम त्या ट्रंकेत अडकली आहे. गिऱ्हाईक म्हणते, "गणपत गल्लीत चादर सहाशेला मिळते." मिळते. ती चादर चांगलीही असते. तिच्याशी वाकळीने भावात झगडणे हा वेडेपणा आहे.

त्यातून वाट अशी काढली. वाकळ लहान केली. दोन फूट बाय दोन फूट, म्हणजे पाटावर किंवा खुर्चीवर टाकायचे आसन. त्याला ९ तास लागतात. त्याच मजुरीच्या दराने ३९३ रुपये, दोरा ३० रुपये, विक्रीचा खर्च ५० रुपये. आम्ही ते ५५० ला देतो. गेल्या दिवाळीपासून ३१ आसने गेली. दर आसनामागे आम्हा दोघींना मिळून ७७ रुपये सुटतात. एका प्राध्यापिकाबाईंनी एकदम सहा घेतली आणि किमतीचा कागद मागून घेतला. गिऱ्हाइकाला आम्ही हा कागद दाखवतो: मजुरी किती, दोरा किती, आमचे किती. काहींना ते आवडते. काहींना पाहुण्याला स्वयंपाकाचा खर्च सांगितल्यासारखे वाटते. माझ्या आईला तसेच वाटते.

आणि एक कबुली. आजीने पहिल्यांदा मजुरी घेतली तेव्हा मला वाटले होते की तिला आनंद होईल. तिने नोटा मोजल्या, देवापुढे ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी शिवायला बसताना घड्याळ समोर आणून ठेवले. पूर्वी ती शिवताना गाणी म्हणत असे, मधेच उठून शेजारी जात असे. आता उठताना म्हणते, "हे पंधरा मिनिटं धरू नको गं." याचे मला वाईट वाटते. तासाचा हिशेब मांडून तिच्या दुपारीतले काहीतरी मी काढून घेतले, असे कधी कधी मनात येते. पण गेल्या महिन्यात तिने स्वतःच्या पैशांतून डोळ्यांचा चश्मा बदलून घेतला, आप्पांना न विचारता. नव्या चष्म्याने तिचा टाका बारीक पडतो आणि वेळ जास्त लागतो, त्यामुळे आसन ९ तासांवरून १० तासांवर गेले आहे. किंमत वाढवायची की आमचे ७७ रुपये कमी करायचे, यावर आमची बैठक अजून व्हायची आहे.

घंगाळाचे सांगायचे राहिले. नियम केल्यावर आम्ही मागच्या व्यवहारालाही तो लावायचे ठरवले आणि २,००० रुपये घेऊन त्या आजींकडे गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. गोव्यात त्यात कमळे लावली आहेत हे ऐकून हसल्या. मग पैसे परत माझ्या हातात कोंबले. "विकलं तवा विकलं," त्या म्हणाल्या. "आता हे देऊन मला येडी ठरवू नको. जा, चहा पिऊन जा." चहा प्यायलो. पुन्हा एकदा मैत्रीण एकटी जाऊन आली, तिलाही तेच सांगितले, वर कन्नडमध्ये सांगितले. आमच्या खतावणीत त्यांच्या नावावर २,००० रुपये अजून देणे आहेत.